पाचशे मेंढरांचा भार

धुळाची मेंढरं दरवर्षी दिवाळीनंतर फलटणच्या पलीकडून चालत मुळशीला येत आणि जयसिंगरावांच्या भातखाचरात रात्री बसत. हा प्रकार धुळाच्या बापापासून, म्हणजे किमान साठ वर्षं, राजरोस चालू होता आणि तरीही शासनाच्या निदर्शनास आलेला नव्हता. भात कापून झाला की खाचर मोकळं होई. धुळा त्यात वाघर, म्हणजे दोरीचं जाळं, उभं करी, मेंढरं आत घाली, आणि मग मेंढरांना रात्रभर जे करायचं ते मेंढरं करीत. सकाळी जमीन लेंड्यांनी काळी झालेली असे. या खताबद्दल जयसिंगराव तांदूळ देत. धुळाची बायको तुकाबाई ते सुपात घेऊन त्यात खडे असल्याचं सांगे आणि जयसिंगराव वर आणखी पायलीभर घालत. दोन्ही बाजू समाधानी असल्यामुळे या व्यवहाराचा कागद कुठेच नव्हता.

यंदा फरक एवढाच पडला होता की जयसिंगरावांनी वरची निम्मी जमीन विकली होती आणि तिच्यावर 'मृद्गंध' नावाचा बावीस बंगल्यांचा निसर्गस्नेही प्रकल्प उभा राहिला होता. बंगल्यांचे मालक शनिवारी सकाळी पुण्याच्या बाणेर, सूस, मारुंजीकडून गाड्या घेऊन मातीचा वास घ्यायला येत आणि रविवारी संध्याकाळी परत जात. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यांना मातीचा वास आला. त्यांनी तो ताबडतोब वर कळवला.

तक्रार ज्या कक्षाकडे गेली तो नवाकोरा होता. त्याचं नाव 'पर्यावरण तत्त्व अंमलबजावणी कक्ष'. कक्षात एक अधिकारी, एक जीप आणि भिंतीवर एक तक्ता, एवढी सामग्री होती. अधिकाऱ्याचं नाव शैलेश. माणूस तरुण, मनाने चांगला, आणि नुकताच तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेला. एका थंडगार रिसॉर्टमध्ये त्याला पर्यावरण कायद्याची पाच मूलतत्त्वं शिकवण्यात आली होती आणि प्रत्येक तत्त्व किमान एका प्रकरणी लागू करून एकतीस मार्चच्या आत अहवाल पाठवा, असं निघताना बजावलं होतं. तक्त्यावर पाच रकाने होते आणि पाचही रिकामे होते. त्यामुळे धुळाचं प्रकरण टेबलावर आलं तेव्हा शैलेशला मनापासून बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी जीप खाचराच्या बांधाशी थांबली. धुळा उन्हात बसून घोंगडीतली कुसळं काढत होता. शैलेशने नमस्कार केला, स्वतःची ओळख सांगितली आणि फॉर्म काढला.

"मेंढ्या किती आहेत, मामा?"

धुळाने कळपाकडे पाहिलं. त्यातलं प्रत्येक मेंढरू तो तोंडावरून ओळखत होता, कुणाची आई कोण आणि कुणाला कुठला पाला सोसत नाही हेही त्याला पाठ होतं. पण त्याने ती कधी मोजली नव्हती. मोजलं की नजर लागते आणि त्यातली काही जातात, असं त्याला बापाने सांगितलं होतं, आणि बापाला आज्याने.

"हायेत की," तो म्हणाला. "बिरोबाच्या किरपेनं बरी हायेत."

"आकडा सांगा."

"आकडा आमी सांगत न्हाई, सायब. मोजली की कमी व्हत्यात."

शैलेशने स्वतः मोजायला घेतली. अडतीसपर्यंत व्यवस्थित झालं, मग मेंढरं उठून पलीकडे गेली. दुसऱ्यांदा एकेचाळीसला हाच प्रकार झाला. त्याने कपाळाचा घाम पुसला.

"शंभर असतील?"

"आसतील."

"पाचशे असतील?"

"तुमच्या तोंडात साखर पडो," धुळा म्हणाला.

शैलेशला प्रशिक्षण आठवलं. जिथे खात्रीची माहिती नाही, तिथे माहिती नाही म्हणून गप्प बसायचं नसतं. जास्तीत जास्त हानी होईल असं धरून चालायचं, याला सावधगिरीचं तत्त्व म्हणतात. त्याने फॉर्मवर 'पाचशे' लिहिलं आणि तक्त्याचा पहिला रकाना भरला. मला स्वतःला नजरेचं भय नाही, म्हणून तुम्हाला खरा आकडा सांगून टाकायला हरकत नाही. मेंढरं एकशे चार होती आणि त्यांतल्या अकरा गाभण होत्या.

"आता असं आहे मामा," शैलेश म्हणाला, "या मेंढ्यांमुळे पर्यावरणाची हानी होत नाही, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल."

"कसली हानी?"

"ते अजून कळलेलं नाही. म्हणूनच सिद्ध करायचं."

धुळाने खाचराकडे हात केला. "ह्या जमिनीत साठ वरसं भात पिकतुया. जयसिंगराव पाटलांना इचारा. ह्याच्यापरीस काय दावू?"

"तो अनुभव झाला," शैलेश समजुतीने म्हणाला. "मला पुरावा लागेल."

धुळा उठला आणि त्याला ओढ्यावर घेऊन गेला. वरून, मृद्गंधच्या कुंपणाखालून एक जाड पाइप आला होता आणि त्यातून राखाडी पाणी ओढ्यात पडत होतं. पाण्यावर साबणाचा फेस होता. ओढा पुढे धरणाला मिळत होता.

"ह्याचा वास बगा. ह्ये काय हाय मग?"

शैलेशने नाकाला रुमाल लावला आणि वाकून पाइप नीट पाहिला. त्याला वाईट वाटलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "त्यांचा शुद्धीकरण यंत्राचा अर्ज विचाराधीन आहे," तो म्हणाला. "अर्ज विचाराधीन असेपर्यंत ते प्रदूषक नसतात, अर्जदार असतात."

"मंग मीबी अर्ज करतो."

"मेंढ्यांसाठी अर्जाचा नमुना नाही, मामा."

पुढच्या आठवड्यात दुसरा रकाना आला. जो प्रदूषण करील तो त्याची किंमत भरील, असं हे तत्त्व होतं. शैलेशने चौकशी केली तेव्हा त्याला कळलं की धुळा काही भरत नाही, उलट जयसिंगरावांकडून तांदूळ घेतो. हे ऐकून तो हबकला. प्रदूषण करणाऱ्याला प्रदूषणाबद्दल मोबदला मिळतो आणि तोही साठ वर्षं, असं उदाहरण प्रशिक्षणात कुणी दिलं नव्हतं. त्याने दोन दिवस विचार केला आणि तांदूळ बंद करण्याचा आदेश काढला. तरीही धुळाने काहीतरी भरणं बाकी राहत होतं. धुळाकडे भरण्यासारखं काय आहे, असा प्रश्न पडला तेव्हा मृद्गंधचा व्यवस्थापक इंद्रजित मदतीला धावला.

"सर, सिंपल आहे," इंद्रजित म्हणाला. "प्रदूषण म्हणजे त्या लेंड्या ना? मग तो लेंड्याच भरेल. आम्ही डिस्पोजल करतो. आमच्या सीएसआरमधून, फ्री ऑफ कॉस्ट."

त्यानंतर रोज सकाळी मृद्गंधचा टेम्पो येई. दोन माणसं खाचर झाडून घेत आणि लेंड्या गोण्यांत भरून नेत. बंगल्यामागच्या शेडमध्ये त्या वाळत, किलोकिलोच्या पिशव्यांत भरल्या जात आणि 'मृद्गंध सेंद्रिय, थेट मुळशीच्या मातीतून' अशा चिठ्ठीखाली शहरात रवाना होत. जयसिंगरावांच्या खाचरात त्या साली पहिल्यांदा पांढरी जमीन दिसू लागली. ते बांधावर उभे राहून टेम्पोकडे बघत आणि घरी जात.

तुकाबाईचा तांदळाचा डबा मार्चच्या सुरुवातीला तळाला गेला. तरीही तिचा जीव अडकला होता तो त्या अकरा गाभणींत. त्या दीड महिन्यात विणार होत्या. हितंच राहिल्या तर विणतील, उन्हात दीडशे कोस चालवल्या तर वाटेत मरतील, एवढं तिला कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय कळत होतं. कोस तिने अंदाजाने सांगितले होते, पण पायांना अंतर कागदापेक्षा जास्तच असतं. "पाऊस पडस्तवर ऱ्हाऊ द्या म्हनावं," ती रोज धुळाला सांगे. "मंग जातो म्हनावं, हूं का चूं न करता."

तिसऱ्या रकान्यासाठी शैलेश आला तेव्हा ती स्वतःच पुढे झाली. या वेळी तत्त्व भावी पिढ्यांच्या हक्काचं होतं. डोंगरउतारावरचं गवत आजच्या पिढीने संपवायचं नाही, येणाऱ्या पिढीसाठी राखायचं, असं शैलेशने सांगितलं आणि चराईबंदीचा फलक दाखवला. फलक छापून तयार होता.

"येनारी पिढी म्हंजी कोन?" तुकाबाईने विचारलं.

"जी अजून जन्माला आलेली नाही ती, मावशी."

"अशी व्हय." तुकाबाईने एका गाभणीला कानाला धरून पुढे आणलं आणि तिचं पोट त्याच्यासमोर केलं. "ही बगा येनारी पिढी. अशा अकरा हायेत. ह्यांनी गवत खाल्लं न्हाई, तर ती यायची कशी?"

शैलेश गडबडला. तो खरोखर प्रामाणिक माणूस होता आणि मुद्दा त्याला पटला. त्याने कार्यालयात जाऊन तीन पुस्तकं चाळली, वरिष्ठांना फोन केला, आणि लेखी उत्तर घेऊन परत आला. उत्तर असं होतं: गाभण मेंढ्यांच्या पोटातील कोकरे ही भावी पिढी असल्याचे मान्य करण्यात येत आहे. सबब सदर कोकरांचा गवतावरील हक्क अबाधित आहे. तथापि, जन्म होताक्षणी ती चालू पिढीत मोडतील व हक्क आपोआप संपुष्टात येईल. मातांना सदर हक्क कोकरांच्या वतीने वापरता येणार नाही.

तुकाबाईने ते धुळाकडून दोनदा वदवून घेतलं. धुळाला वाचता येत नव्हतं, शैलेशने सांगितलेलं त्याने पाठ केलं होतं. दुसऱ्या वेळेला ती हसायला लागली आणि मग एकाएकी थांबली आणि पदर डोळ्याला लावला.

चौथं तत्त्व लोकसहभागाचं. त्याप्रमाणे जनसुनावणी ठरली, मार्चच्या तिसऱ्या शनिवारी, मृद्गंधच्या क्लबहाउसमध्ये, कारण तालुक्यात प्रोजेक्टर असलेलं तेवढंच सभागृह रिकामं होतं. आदल्या दिवशी धुळा जयसिंगरावांकडे गेला. जयसिंगरावांनी चहा दिला.

"पाटील, उद्या दोन शब्द बोला. तुमच्या बापानं माज्या बापाला हात धरून ह्या खाचरात आनला व्हता. एवढंच सांगा, दुसरं काय नगं. पाऊस पडस्तवर ऱ्हाऊ द्या म्हना."

"बोलतो की," जयसिंगराव म्हणाले. "त्यात काय एवढं. माझंबी खत चाललंय की." पण बोलताना ते कपातच बघत होते. उरलेल्या निम्म्या जमिनीची बोलणी त्याच आठवड्यात चालू होती, आणि घेणारं गिऱ्हाईक मृद्गंध होतं.

सुनावणीला बंगल्यांचे सगळे मालक आले होते. गावातले सात जण आले, कारण नोटीस संकेतस्थळावर लावली होती आणि गावात रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर मिळते. इंद्रजितने पडद्यावर आलेख दाखवला. पाचशे मेंढ्या, प्रत्येकीच्या इतक्या लेंड्या, त्यातून ओढ्यात उतरणारं इतकं द्रव्य. आलेखाची रेघ छताच्या दिशेने जात होती. धुळा मागे उभा राहून पाचशे मेंढरांकडे कौतुकाने बघत होता. एवढी मेंढरं त्याने स्वप्नातही पाळली नव्हती.

मग 'मुळशीचं पाणी वाचवा' या ऑनलाइन आवाहनाचा निकाल जाहीर झाला. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या त्या आवाहनाला चार दिवसांत तेवीसशे लोकांनी अंगठा दाखवून पाठिंबा दिला होता. धुळानेही आपलं म्हणणं एका मास्तराकडून कागदावर लिहून आणलं होतं आणि खाली अंगठा उठवला होता. तो कागद नियमानुसार फेटाळण्यात आला. नमुन्यात 'वरील मजकूर मी स्वतः वाचला असून मला समजला आहे' अशी ओळ होती आणि धुळाला वाचता येत नसल्याचं उघड होतं. ऑनलाइन अंगठ्यांना ही अट नव्हती.

"बाधित शेतकरी म्हणून जयसिंगरावांनी मत मांडावं," शैलेश म्हणाला.

जयसिंगराव उठले. पहिल्या रांगेतून इंद्रजितने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि हसला.

"मेंढरं येत्यात," जयसिंगराव म्हणाले. "असं ऐकून हाय."

ते खाली बसले. धुळाला आधी वाटलं, अजून बोलतील, घसा साफ करत असतील. मग त्याला कळलं की झालं, एवढंच होतं. साठ वर्षं ज्या माणसाच्या जमिनीत त्याचं घोंगडं अंथरलं गेलं होतं, त्याने ऐकून हाय म्हटलं, याचं धुळाला फार लागलं. त्याला बोलायला तीन मिनिटं मिळाली होती. तो पुढे गेला, "अकरा गाभनी हायेत, पाऊस पडस्तवर ऱ्हाऊ द्या," एवढं म्हणाला आणि परत मागे येऊन उभा राहिला. दोन मिनिटं पन्नास सेकंद वाचल्याबद्दल सभेने टाळ्या वाजवल्या.

आदेश अठ्ठावीस मार्चला निघाला. त्यात पाचवं तत्त्व होतं, शाश्वत विकास, म्हणजे विकास आणि पर्यावरण यांचा समतोल. आदेशात म्हटलं होतं की ओढ्याची सहनशक्ती मर्यादित आहे. ओढ्यावरून पाचशे मेंढ्यांचा भार कायमचा हटवण्यात येत असल्याने तेवढी सहनशक्ती मोकळी होत आहे. तज्ज्ञांच्या हिशेबाने पाचशे मेंढ्यांच्या जागी चाळीस बंगले बसतात. सबब मृद्गंधच्या दुसऱ्या टप्प्यातील चाळीस बंगल्यांना जयसिंगराव यांच्या उर्वरित क्षेत्रावर, पाइपसह, तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे. धुळाने तीन दिवसांत कळप हलवावा.

मेंढरं एकशे चारच आहेत हे शैलेशच्या तोवर लक्षात आलं होतं. पण आकडा दुरुस्त केला तर चाळीस बंगल्यांचे आठ झाले असते, पाचवा रकाना कोलमडला असता, आणि तारीख अठ्ठावीस होती. त्याने दुरुस्तीचा विषय पुढच्या आर्थिक वर्षात घेण्याचं ठरवलं आणि तशी नोंद डायरीत केली.

तो आदेश घेऊन स्वतः खाचरावर आला. सोबत इंद्रजितही होता. शैलेशला धुळाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"मामा, एक मार्ग आहे," इंद्रजित म्हणाला. "ॲक्च्युअली सरांनीच सुचवला. आमच्या क्लबहाउसमागे 'ग्रामीण अनुभव केंद्र' होतंय. तिथे थोड्या मेंढ्या चालतील. स्वच्छ शेड आहे, पंखा आहे, डॉक्टर येतो. त्या अकरा राहू द्या."

"आनि पावसाळ्यात न्यायला येऊ?"

"त्या मग प्रकल्पाच्या झाल्या ना, मामा. मेंटेनन्स आम्ही करणार."

धुळाने तुकाबाईकडे पाहिलं. ती गाभणींकडे गेली. मग वाघराची एक बाजू सोडत म्हणाली, "जगतील तरी." शैलेशने सुटकेचा श्वास टाकला. हा माणूस मनाने चांगला होता, हे मी आधी सांगितलंच आहे.

अकरा जणी पंख्याखाली गेल्या. तुकाबाईने प्रत्येकीच्या कपाळावर हळद लावली आणि शेडमधल्या पोऱ्याला कुणाला ओला चारा सोसत नाही ते सांगितलं. त्याने हिंदीत "हां हां" म्हटलं. तो बिहारचा होता आणि त्याने आयुष्यात मेंढी पाळलेली नव्हती.

निघताना रस्त्याच्या तोंडाशी आणखी एक फॉर्म भरायचा होता. हटवलेल्या मेंढ्यांची संख्या, मालकाने स्वतः मोजून. शैलेश 'पाचशे' लिहून मोकळा झाला होता, पण धुळा म्हणाला, थांबा. काठी आडवी धरून त्याने एकेक मेंढरू पुढे सोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजलं, विसाविसाने, बोटांची पेरं धरून. त्र्याण्णव भरली. बापाचं म्हणणं खरं होतं, मोजली की कमी होतात. त्याने काठी खांद्यावर टाकली आणि मागे न बघता चालू लागला.

एप्रिलअखेर त्या अकरांना तेरा कोकरं झाली. आदेशाप्रमाणे ती जन्मताच चालू पिढीत गेली असल्यामुळे त्यांना गवत मिळालं नाही, बाटलीने दूध मिळालं, आणि पाहुण्यांसाठी ते पाजण्याचे दर फलकावर लावले आहेत. शैलेशच्या कक्षाला पाचही तत्त्वं एकाच प्रकरणात लागू केल्याबद्दल प्रमाणपत्र मिळालं. खाचरात चाळीस बंगल्यांची आखणी झाली, आणि जयसिंगराव हल्ली मारुंजीला मुलाच्या फ्लॅटवर असतात. तिथे गॅलरीतल्या तुळशीला ते मृद्गंध सेंद्रियची एक पिशवी विकत आणून घालतात.

तुम्ही मे महिन्यातल्या एका रविवारी त्या ग्रामीण अनुभव केंद्रात गेला होतात. कोकरू कडेवर घेतलेला तुमचा फोटो छान आला आहे. खाली तुम्ही लिहिलंत की असे मेंढपाळ आता कुठे दिसतात, सगळं संपत चाललंय, आणि पुष्कळ लोकांनी त्याला अंगठा दाखवला. मार्चमध्ये ते पाणी वाचवण्याचं आवाहन आलं तेव्हा तुम्हीही असाच दाखवला होता, आठवत नसेल, कारण वाचलं नव्हतं. निघताना तुम्ही दुसऱ्या टप्प्यातल्या बंगल्याची किंमत विचारलीत आणि इंद्रजितने माहितीपत्रक हातात दिलं. पाइपाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही. धुळाबद्दल विचारण्याचा प्रश्नच नव्हता. गाडीत बसता बसता तुम्ही काच खाली केलीत आणि एवढंच विचारलंत, "पण इथे मेंढ्यांचा वास वगैरे येत नाही ना?"